बोटीवरची व्याख्यानमाला

क्रूझ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवर पाहिलेले चित्र उभे राहते. पांढरीशुभ्र दहा-पंधरा मजल्यांची बोट, वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव, रात्री उशिरापर्यंत चाललेला नाच आणि दिवसभर खाणे. हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. ह्याच बोटीवर सकाळी दहाच्या सुमारास एका सभागृहात दोन-तीनशे माणसे शांत बसलेली असतात आणि समोर एखादा निवृत्त प्राध्यापक, दर्यावर्दी, पत्रकार किंवा खगोलशास्त्रज्ञ बोलत असतो. सुटीवर आलेली, पैसे मोजून आलेली माणसे व्याख्यान ऐकतात, ही गोष्ट आम्हांला विचार करण्यासारखी वाटली. म्हणून तिची माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२०२४ साली जगभरात साडेतीन कोटींच्या आसपास माणसांनी समुद्रावरची अशी सफर केली. त्यांतले सगळेच काही व्याख्यानाला बसत नाहीत. तीन-चार दिवसांच्या सहलीत मौजमजाच अधिक असते. परंतु दोन आठवडे, महिना, शंभर दिवस अशा लांब पल्ल्याच्या बोटींवर व्याख्यान हा कार्यक्रमाचा नेहमीचा भाग झालेला आहे.

कार्यक्रम कसा चालतो

बोट रोज बंदराला लागत नाही. अमेरिकेहून युरोपला जायचे तर मध्ये सलग सहा-सात दिवस पाण्याशिवाय काही दिसत नाही. अशा दिवसांना व्याख्याने ठेवलेली असतात. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचा कागद आदल्या संध्याकाळी खोलीत येतो. आता तो मोबाईलवरही दिसतो. त्यात वेळ, विषय आणि वक्त्याचे नाव असते. व्याख्यान साधारण पाऊण तासाचे. त्यानंतर प्रश्न. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी तेच व्याख्यान पुष्कळदा खोलीतल्या टीव्हीवर पुन्हा दाखवतात.

वक्ते मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्या प्रकारचा वक्ता पुढे येणाऱ्या बंदराविषयी बोलतो. तिथला इतिहास, तिथली माणसे, इमारती, पक्षी आणि प्राणी हा त्याचा विषय. दुसऱ्या प्रकारचा वक्ता आपल्या आवडीचा विषय मांडतो. कोणी ताऱ्यांवर बोलतो, कोणी हवामानावर, कोणी गाजलेल्या खटल्यांवर. ह्या दोघांखेरीज तिसराही एक इसम असतो. बंदरावर कोणत्या दुकानात काय घ्यावे हे तो सांगतो. त्यालाही भाषणच म्हणतात, पण तो धंद्याचा भाग. व्याख्यान आणि जाहिरात यांतला फरक श्रोत्याने स्वतःच ओळखायचा असतो, मग सभागृह बोटीवरचे असो की जमिनीवरचे.

वक्त्याला किती मानधन मिळत असेल? आम्ही पडलो हिशेबाची माणसे, तेव्हा हा प्रश्न पहिला मनात आला. उत्तर असे की, बऱ्याच कंपन्या पाहुण्या वक्त्याला रोख काहीच देत नाहीत. त्याला आणि त्याच्या जोडीदाराला खोली आणि जेवण फुकट. विमानाचे तिकीट पुष्कळदा ज्याचे त्याने काढायचे. काम एजन्सीमार्फत मिळाले असेल, तर दिवसागणिक काही रक्कम उलट एजन्सीलाच द्यावी लागते. नावाजलेल्या वक्त्यांची गोष्ट वेगळी. राजकारण आणि धर्म यांतले वादाचे विषय टाळावेत, अशीही अपेक्षा असते. सुटीवर आलेल्या गिऱ्हाइकाचा विरस होऊ नये, हे त्यामागचे कारण.

काही कंपन्यांनी मात्र ह्या कामी चांगला पैसा ओतला आहे. २००४ साली सेवेत आलेल्या 'क्वीन मेरी २' ह्या बोटीवर तारांगण बांधले गेले. प्रवासी बोटीवरचे ते जगातले पहिले तारांगण. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा आठवड्याभराचा प्रवास करणारा माणूस दुपारी घुमटाखाली बसून ग्रहताऱ्यांची माहिती घेतो आणि रात्री डेकवर जाऊन तेच तारे उघड्या डोळ्यांनी पाहतो. पुस्तकातले आणि डोळ्यांसमोरचे असे एका दिवसात जुळले की माणूस ते विसरत नाही.

पलटणीच्या डेकवर शाळा

हा सगळा श्रीमंतांचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. आज तो बराचसा तसा आहे. पण नेहमीच तसा नव्हता. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन ही आगबोट कंपनी आपल्या जुन्या लोकांना ठाऊक असेल. मुंबईहून पूर्व आफ्रिकेला जाणारी माणसे तिच्या बोटींनी जात. ह्याच कंपनीने १९३० नंतरच्या दशकात एक प्रयोग केला. पलटणी वाहून नेणाऱ्या तिच्या बोटी उन्हाळ्यात रिकाम्या राहत. त्या बोटींवर इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांना सफरीला नेण्यास तिने सुरुवात केली. महायुद्धाने तो प्रयोग थांबला.

१९६० च्या सुमारास सैनिक विमानाने जाऊ लागले आणि पलटणीच्या बोटींना काम उरले नाही. तेव्हा १९६१ मध्ये 'ड्युनेरा' ही बोट शाळकरी मुलांसाठी पुन्हा सजवण्यात आली. मागून 'डिव्होनिया' आणि 'नेव्हासा' आल्या, आणि १९६८ पासून 'युगांडा'. सैनिक जिथे झोपत तिथे मुलामुलींसाठी एकावर एक पलंग टाकले. वर्गखोल्या केल्या, सभागृह केले. 'युगांडा'वर एका वेळी नऊशेवर विद्यार्थी असत. त्यांचे शिक्षक त्यांच्याबरोबर असत. बंदर येण्यापूर्वी सभागृहात त्या शहराविषयी व्याख्यान व्हायचे. मग बोट धक्क्याला लागली की मुले उतरून ते शहर बघायची.

ह्या मुलांत गिरणी-कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलेही होती. ज्यांच्या आईबापांनी सैन्यात गेल्याशिवाय परदेश पाहिला नव्हता, त्यांनी अथेन्स आणि लिस्बन ही शहरे पंधराव्या वर्षी पाहिली. त्याच बोटींवर पैसेवाले प्रवासीही वेगळ्या खोल्यांतून असत. ते आणि ही मुले एकाच बोटीने एकाच बंदराला लागत.

ह्या कथेत आपली माणसेही आहेत, पण त्यांची नावे कुठे फारशी छापलेली नाहीत. कंपनीच्या बोटींवरचे खलाशी बहुतांशी हिंदुस्थानातले, आणि जेवणघरात वाढणारे पुष्कळसे गोव्याचे. त्या नऊशे मुलांची सफर अशा माणसांच्या अंगमेहनतीवर चाले.

१९८२ च्या एप्रिलमध्ये फॉकलंडची लढाई जवळ आली तेव्हा 'युगांडा' भूमध्य समुद्रात मुलांना घेऊन फिरत होती. सरकारने ती मागून घेतली. मुलांना इटलीत नेपल्सला उतरवले आणि बोटीचे तरंगते इस्पितळ झाले. पुढे हा उपक्रम लवकरच संपला. १९८६ साली बोट भंगारात निघाली. आमच्या मते समुद्रावरच्या शिक्षणाचा हा सर्वांत लोकाभिमुख प्रयोग होता.

व्हीलरसाहेब आणि ग्रीसचे किनारे

मोठ्या माणसांसाठी व्याख्यानाची एक गाजलेली बोट सुरू झाली ती १९५४ साली. लंडनच्या स्वान ह्या प्रवासी कंपनीने ग्रीसची सफर काढली आणि तिच्यावर विद्वान मंडळींना पाहुणे वक्ते म्हणून नेले. पुढे ही सफर 'स्वान हेलेनिक' ह्या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या वक्त्यांतले सर्वांत गाजलेले नाव सर मॉर्टिमर व्हीलर यांचे. अनेक वर्षे ते वक्त्यांच्या मंडळींचे प्रमुख होते.

हे नाव आपल्याकडे परके नाही. १९४४ ते १९४८ व्हीलर भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. तक्षशिलेला त्यांनी तरुणांना उत्खननाचे शिक्षण दिले. १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडुला त्यांनी खणले, तेव्हा रोमन मद्याचे कुंभ आणि इटलीतली मातीची भांडी निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र आणि आपला किनारा यांच्यात व्यापार चालत होता, याचा तो जमिनीतून निघालेला पुरावा. भूमध्य समुद्रावरच्या श्रोत्यांपुढे उभा राहणारा हा माणूस त्या व्यापाराची दोन्ही टोके पाहून आलेला होता.

त्या व्यापाराची खूण आपल्याजवळही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत. सोपारा आणि कल्याण ही बंदरे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांना ठाऊक होती. दरवर्षी आपली हजारो माणसे कार्ल्याला जातात आणि खांबाला टेकून फोटो काढतात. त्याच खांबावर समुद्रापलीकडच्या माणसाच्या दानाचा लेख असू शकतो, हे किती जणांना कोणी सांगितले असेल? बोटीवरचा प्रवासी आणि आपण यांच्यात पैशाचा फरक आहेच. पण फरक आणखीही एक आहे. त्याला आदल्या दिवशी कोणीतरी सांगितलेले असते.

'स्वान हेलेनिक'चे पुढे अनेक मालक झाले. २०१७ साली तिच्या त्या वेळच्या मालक कंपनीचा कारभार बुडाला आणि काही वर्षांनी नव्या मालकांनी नाव पुन्हा उभे केले. आजच्या तिच्या बोटी लहान आणि तिकिटे महाग आहेत. वक्ते मात्र अजूनही बरोबर असतात.

ज्यांनी सोसले तेच वक्ते

आता जपानकडे वळू. १९८२ साली तिथे शाळेच्या पाठ्यपुस्तकांवरून मोठा वाद झाला. आशियातल्या देशांवर जपानने केलेल्या आक्रमणाचे वर्णन पुस्तकांत सौम्य केले जात होते. काही विद्यार्थ्यांनी ठरवले की, पुस्तक खरे सांगत नसेल तर त्या देशांत जाऊन तिथल्या माणसांच्या तोंडून ऐकू. १९८३ साली त्यांनी एक बोट भाड्याने घेतली. तिचे नाव 'पीस बोट', म्हणजे शांततेची बोट. आज ती जगाला फेरी घालते आणि एका फेरीला शंभर दिवसांच्या आसपास लागतात.

ह्या बोटीवर पाहुण्या वक्त्यांना जपानी भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ बंदरातला पायलट. बोट बंदराजवळ आली की तिथले पाणी, खडक आणि वाळू ओळखणारा माणूस होडीतून येऊन बोटीवर चढतो आणि तिला सुखरूप आत नेतो. वक्त्याचे कामही तेच. तो एका बंदरावर चढतो, त्या भागाची खरी हकीकत सांगतो आणि पुढच्या एखाद्या बंदरावर उतरतो.

२००८ साली ह्या संस्थेने हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या शंभरावर माणसांना बोटीवर नेले. ती माणसे विद्वान म्हणून बोलायला उभी राहिली नाहीत. अंगावर जे आले ते त्यांनी बोटीवर आणि बंदराबंदरावर सांगितले. त्यानंतरही हा उपक्रम चालू राहिला. अण्वस्त्रबंदीसाठी झटणाऱ्या ज्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला २०१७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तिच्या प्रमुख संस्थांत 'पीस बोट' आहे. २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक तर अणुबॉम्बपीडितांच्याच संघटनेला मिळाले.

अनुभव हीच ज्याची पदवी, त्याला व्यासपीठावर मानाने बसवणे ही साधी गोष्ट नव्हे. आपल्या वस्तीतही गिरणीच्या संपात उभी राहिलेली आजी असते, गटारीत उतरून काम केलेले काका असतात, दुष्काळात खडी फोडलेली मावशी असते. त्यांना आपण समोर सतरंजीवर बसवतो आणि माईकवर दुसऱ्याच कोणाला बोलावतो.

'पीस बोटी'ची आणखी एक रीत आमच्या मनात भरली. ज्या तरुणांकडे तिकिटाचे पैसे नसतात, त्यांनी गावागावांत दुकानांतून तिची पोस्टरे लावायची. जितकी पोस्टरे लावाल तितकी तिकिटात सूट. काम करून तिकीट मिळवायचे. यात उपकाराची भाषा नाही.

व्याख्यान नाही, तर उतरणे नाही

एका ठिकाणी तर व्याख्यान ऐकल्याशिवाय जमिनीवर पाय ठेवता येत नाही. ते ठिकाण म्हणजे दक्षिण ध्रुवाकडचे अंटार्क्टिका. १९६६ साली लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी पर्यटकांची तुकडी तिथे नेली आणि बरोबर निसर्गाचे जाणकार नेण्याचा पायंडा पाडला. १९९१ साली तिथे जाणाऱ्या कंपन्यांनी आपली संघटना स्थापून नियम केले. एका जागी एका वेळी शंभराहून अधिक पर्यटक उतरायचे नाहीत. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचे. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या बोटीने कोणालाच उतरवायचे नाही. आणि उतरण्यापूर्वी प्रत्येकाने नियमांची माहिती देणाऱ्या बैठकीला हजर राहायचे. तिथे व्याख्यान हे तिथल्या जीवांच्या रक्षणाचे साधन झाले आहे.

दाराशी उभा असलेला माणूस

हे सगळे चांगले सांगितल्यावर एक बाजू सांगणे राहते. सभागृहात खुर्च्या लावणारा, पाणी ठेवणारा, व्याख्यान संपल्यावर कपबशा उचलणारा माणूस ते व्याख्यान ऐकतो का? जगातल्या ह्या बोटींवर गोवा, मुंबई आणि कोकणातली हजारो मुले कामाला आहेत. कोणी खोल्या साफ करतो, कोणी स्वयंपाकघरात आहे, कोणी इंजिनावर. खलाशांच्या हक्कांविषयी २००६ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्या करारानुसार कामाची कमाल मर्यादा दिवसाला १४ तास आणि आठवड्याला ७२ तास अशी धरता येते. ही मर्यादा संरक्षणाची आहे, हे लक्षात घ्या. आठवड्याला ७२ तास म्हणजे सुटी न धरता रोजचे दहा तासांहून अधिक. एवढे राबून झाल्यावर माणूस झोपतो. शिवाय प्रवाशांच्या भागात कामाशिवाय जाण्याची मुभा खालच्या हुद्द्यांना बहुधा नसतेच.

म्हणजे ज्ञान त्याच बोटीवर आहे, पाच मजले वर आहे, पण पोहोचत नाही. जे व्याख्यान प्रवाशांच्या टीव्हीवर पुन्हा लागते, ते कामगारांच्या जेवणघरातल्या टीव्हीवर लावायला कंपनीला फारसा खर्च येणार नाही.

ज्यांची मुले बोटीवर जाऊ इच्छितात त्यांना एक सूचना. नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या एजंटाकडूनच जावे आणि परवाना स्वतः तपासून पाहावा. वरील करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, खलाशाची कागदपत्रे यांचा खर्च वेगळा. 'दोन लाख द्या, बोटीवर लावतो' असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबावे.

आपण काय घ्यावे

आपल्या मातीत व्याख्यानाची परंपरा जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालची. आपल्या वस्त्यांतूनही जयंतीच्या दिवसांत व्याख्याने होतात. परंतु सातचा कार्यक्रम नऊला सुरू होतो. मग हार, सत्कार, मान्यवरांचे मनोगत. मुख्य वक्ता उभा राहतो तेव्हा बायका मुलांना घेऊन घरी निघालेल्या असतात. त्यांना सकाळी पाण्याला उठायचे असते. दोष त्यांचा नाही.

बोटीवरच्या रीतीतून चार गोष्टी बिनखर्चाच्या घेता येतील. पहिली, पाऊण तासाची मर्यादा आणि वेळेवर सुरुवात. दुसरी, एका दिवशी एकच विषय आणि शेवटी प्रश्नांना राखून ठेवलेला वेळ. त्यातही पहिला प्रश्न एखाद्या मुलीने विचारावा. तिसरी, व्याख्यानाचे मोबाईलवर चित्रण करून ठेवणे, म्हणजे दुसऱ्या पाळीला गेलेल्या माणसालाही ते ऐकता येईल. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, जे उद्या पाहायचे ते आज सांगणे.

थंडी पडली की आपल्या सहली निघतात. कोणी कान्हेरीला जातात, कोणी कार्ल्याला, कोणी अजिंठ्याला. बस ठरते, डबे ठरतात, वर्गणी जमते. ह्या वेळी वर्गणीच्या यादीत आणखी एक ओळ घालावी. आदल्या संध्याकाळी समाजमंदिरात पाऊण तास, विषय 'उद्या आपण काय पाहणार'. वक्ता म्हणून कॉलेजात इतिहास शिकणारी आपल्यातलीच मुलगी चालेल. ती घाबरेल, अडखळेल, आणि पुढच्या वर्षी अधिक चांगले बोलेल. सहलीच्या बसमध्ये तिची जागा मात्र वर्गणी न घेता राखून ठेवावी. पाहुण्या वक्त्याला बोटीवर एवढे तरी देतात.